जुन्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवायचाय? आधी पेडलचा हिशोब मांडा

ड्रम ब्रेक म्हणजे टाकाऊ माल, हा समज आधी काढून टाका. लायनर (ड्रमला आतून टेकणाऱ्या शूवरचा घासणारा थर) नीट घासून बसलेले, ड्रम गोल, व्हील सिलिंडर (शू ढकलणारे छोटे सिलिंडर) कोरडे आणि अॅडजस्टमेंट बरोबर असेल तर फिएट ११०० असो की अॅम्बॅसिडर, ड्रमवर ती सरळ आणि वेळेत थांबते. ‘ब्रेकच लागत नाही हो’ म्हणून डिस्कच्या मागे लागलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीत शू आणि ड्रममधली फट वाढलेली असते किंवा हबचं ग्रीस लायनरवर आलेलं असतं. ते दुरुस्त करून महिनाभर गाडी चालवा. एवढ्यानंच समाधान झालं तर पुढचं वाचायची गरज नाही.

मग डिस्क कशासाठी? उष्णता आणि पाणी, या दोन गोष्टींसाठी. कोल्हापुरातनं गगनबावड्याला गेलात आणि पावसाळ्यात करूळ घाट उतरलात की दोन्ही एकदम भेटतात. सारखा पाय ठेवून उतरलं की ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. वर तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर गार होते आणि तापली तरी तिची जाडी पॅडच्या (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पट्ट्यांच्या) दिशेनंच वाढते. तिच्यावरचं पाणी फिरण्यानं उडून जातं, ड्रममध्ये शिरलेलं पाणी मात्र आत कोंडतं. आंबा घाट, फोंडा घाट, नुसतं पन्हाळ्याला जाऊन येणं, असल्या वापराची गाडी असेल तर हा खटाटोप सार्थकी लागतो. गाडी फक्त रंकाळ्यावर रविवारी फिरायला काढायची असेल तर पैसे रंगावर घाला.

हा लेख मॅन्युअल डिस्कचा आहे, म्हणजे बूस्टरशिवायचा. बूस्टर म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाच्या जोरात भर घालणारा डबा. फिएट किंवा पद्मिनी ही टनाच्या आतली गाडी, तिला बूस्टरची गरज पडत नाही. बॉनेटखाली जागा अपुरी, व्हॅक्यूमचा पाइप ओढायचा, शिवाय बिघडणारी एक वस्तू वाढते. अॅम्बॅसिडर जड आहे. तिच्याबाबत मी बूस्टर नको असं ठामपणे म्हणणार नाही. पण तिची एक सोय आहे. ही गाडी २०१४ पर्यंत बनत राहिली आणि शेवटच्या काळातल्या काही मॉडेलना कंपनीतूनच पुढे डिस्क होत्या. जुन्या बाजारात तो पूर्ण संच शोधायला हरकत नाही, मात्र आपल्या वर्षाच्या गाडीला बसतो का हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

मागचे ड्रम तसेच राहू द्या. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं आणि खरं काम पुढची चाकं करतात. मागे ड्रम ठेवला की हँडब्रेकची केबल आणि यंत्रणा आहे तशी चालते. चारही चाकांना डिस्क लावण्याचा हट्ट दिसायला भारी वाटतो, उपयोग फारसा नाही.

पायाचा हिशोब

नवखा माणूस इथंच फसतो. डिस्क, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), पॅड आणतो, बसवतो आणि गाडी रस्त्यावर काढली की म्हणतो, ‘अरे, हिला तर आधीपेक्षा जास्त जोर लागतोय!’

कारण असं. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमला टेकला की ड्रम त्याला आणखी आत ओढून घेतो. म्हणजे पायानं लावलेल्या जोरात ड्रम स्वतःची भर घालतो. डिस्कमध्ये असं काही होत नाही, पॅड जेवढे दाबाल तेवढेच दाबतात. त्यामुळे तेवढ्याच ब्रेकसाठी पाइपमधल्या ऑइलचा दाब कितीतरी जास्त लागतो. बूस्टर असेल तर तो दाब बूस्टर देतो. आपल्याकडे बूस्टर नाही, म्हणून तो दाब पेडल आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरानं सगळीकडे ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) यांतूनच काढायचा.

पेडलचं प्रमाण मोजा. पेडल ज्या पिनवर फिरतं तिथून पाय ठेवायच्या पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. मग त्याच पिनपासून पुशरॉडच्या (मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांडीच्या) भोकापर्यंतचं घ्या. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. समजा पहिलं ३० सेंटिमीटर आणि दुसरं ६, तर प्रमाण पाचास एक. बूस्टर नसलेल्या डिस्कला साधारण साडेपाच ते सहास एक लागतं. बूस्टरवाल्या गाडीचं पेडल चारास एकच्या आसपास असतं, म्हणून नव्या गाडीचं पेडल उचलून इथं लावायचा विचार करू नका.

आता मास्टर सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास. इथं बहुतेकांचा अंदाज उलटा पडतो. मोठा सिलिंडर म्हणजे जास्त ब्रेक, असं वाटतं. प्रत्यक्षात बोअर जेवढा लहान, तेवढा दाब जास्त. पायाचा जोर ३० किलो आणि प्रमाण पाचास एक धरलं तर पुशरॉडवर १५० किलो येतात. बोअर पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटर असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे २.८५ चौरस सेंटिमीटर आणि ऑइलचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण ५३ किलो. तोच बोअर सात-अष्टमांश इंच, म्हणजे २२.२ मिलिमीटर केला की क्षेत्रफळ ३.८७ होतं आणि दाब ३९ किलोपर्यंत उतरतो. पाय तोच, पेडल तेच, फक्त सिलिंडर तीन मिलिमीटरनं मोठा आणि दाबाचा चौथा हिस्सा गेला.

मग लहानात लहान सिलिंडर का घालू नये? कारण लहान बोअर पेडल दाबल्यावर दर वेळी ऑइल कमी ढकलतो. कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो, त्याला ऑइलही जास्त लागतं. बोअर फार लहान झाला की पेडल फ्लोअरला टेकायला जातं आणि ब्रेक लागेपर्यंत समोरचा ट्रॅक्टर जवळ आलेला असतो. म्हणून कॅलिपरचा पिस्टन आणि मास्टरचा बोअर ही जोडी एकत्र ठरवा. सोपा मार्ग म्हणजे ज्या हलक्या गाडीचे कॅलिपर घ्याल, त्या गाडीचा मास्टर काय मापाचा होता ते बघणं. मारुती ८०० ला पुढे डिस्क होती आणि तिचे सुटे भाग कुठंही मिळतात, त्यामुळे हलक्या जुन्या गाड्यांच्या कामात तिच्याकडे नजर जाणं साहजिक आहे. पण ती तुमच्या गाडीपेक्षा बरीच हलकी आहे आणि तिचं चाक १२ इंची, म्हणून डिस्कही लहान. फिएटला त्याहून मोठी डिस्क बसत असेल तर मोठीच घ्या. त्याच दाबात डिस्कचा व्यास वाढला की ब्रेक वाढतो, आणि हा फायदा फुकट मिळतो.

मास्टर बदलतोच आहात तर दोन सर्किटचा टँडम घ्या. जुन्या गाड्यांत एकच सर्किट असायचं. एक रबरी होज फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. टँडममध्ये पुढचा फुटला तरी मागचा राहतो. माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी सुरक्षितता डिस्कमध्ये नाही, या टँडममध्ये आहे.

अजून एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे नवीन डिस्क जाम होतात. ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये शेवटी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो पाइपमध्ये थोडा दाब धरून ठेवतो, चौरस इंचाला दहा पौंडांच्या आसपास. ड्रमच्या शूला स्प्रिंग मागे ओढत असते, म्हणून तिथं तो चालतो. डिस्कला स्प्रिंग नाही, पॅड घासत राहतात, चाक तापतं आणि पेट्रोल उडतं. पुढच्या सर्किटात हा व्हॉल्व्ह नको. अपवाद एकच. मास्टर सिलिंडर पायाखाली, फ्लोअरच्या खालच्या बाजूला असेल आणि कॅलिपर त्याच्यापेक्षा उंच असतील तर ऑइल परत ओघळू नये म्हणून दोन पौंडांचा व्हॉल्व्ह लागतो.

उद्यमनगरचं काम

या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहे. शिवाजी उद्यमनगरात गल्लोगल्ली लेथ आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत, आणि गाड्यांचे बिडाचे भाग ओतणं हा या गावाचा धंदाच आहे. त्यातूनच एक मोह होतो: ‘डिस्कच ओतून घेऊया की, मित्राची फाउंड्री आहे!’ नको. डिस्क दिसायला साधी बिडाची ताटली असते, पण बिडाचा दर्जा, आतली पोकळी, फिरतानाचा समतोल यातलं काही चुकलं तर ती ऐन घाटात तडकते. डिस्क चालू गाडीची, चांगल्या कंपनीची, नवी घ्या. लेथवर फक्त तिचं मधलं भोक आणि स्टडची भोकं तुमच्या हबच्या मापात करून घ्या.

क्रम असा ठेवा. गाडी सपाट जमिनीवर, मागच्या चाकांना अडसर लावून, जॅकवर नव्हे तर पक्क्या स्टँडवर उभी करा. ड्रम उघडण्याआधी पाणी मारून सगळं ओलं करा. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, कॉम्प्रेसरची हवा मारून ती धूळ उडवू नका. ड्रम, शू, बॅक प्लेट, व्हील सिलिंडर काढा. बॅक प्लेट स्टब अॅक्सलला ज्या भोकांत बोल्ट केलेली होती, तीच भोकं आता कॅलिपरच्या ब्रॅकेटसाठी वापरायची. स्टब अॅक्सलवर वेल्डिंग करू देऊ नका. तो फोर्जिंगचा भाग आहे, वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याची ताकद जाते आणि त्याच्यावर तुमचं अख्खं चाक उभं असतं. ड्रिलनं नवीन भोकंही नकोत. सगळं बोल्टवर बसवलं की उद्या वाटलं तर गाडी परत ड्रमवर नेता येते. काढलेले ड्रम ग्रीस लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा, विकू नका.

ब्रॅकेट काढण्याआधी हबवर डिस्क बसवा, कॅलिपर हातानं धरा आणि वरून चाक घालून बघा. रिमच्या आतून कॅलिपरला किमान तीन मिलिमीटर मोकळीक हवी. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनंही यात धरा. जाड पुठ्ठ्याचा साचा कापून जागा ठरवली की लेथवाल्याला तोच साचा आणि मापं लिहिलेला कागद द्या. ‘जरा बघून काढ की’ असं सांगून निघून गेलात तर तो त्याच्या बुद्धीनं काढेल आणि चूक त्याची नसेल. प्लेट १० ते १२ मिलिमीटर जाडीची साधी एमएस (माइल्ड स्टील) चालते. गॅसनं कापलेली कड तशीच ठेवू नका, मिलिंग करून घ्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ उठवलेलं असलं पाहिजे. डोकं कोरं असलेला बोल्ट ब्रेकच्या आसपास फिरकू देऊ नका.

डिस्कच्या टोपीची (हबवर बसणाऱ्या मधल्या भागाची) जाडी तेवढं चाक बाहेर ढकलते, हे विसरू नका. त्यामुळे स्टड कमी पडतात. नट पूर्ण बसल्यावर स्टडच्या व्यासाइतके तरी आटे आत गेलेले हवेत. कमी असतील तर लांब स्टड दाबून घ्या. चाक बाहेर आलं म्हणून मडगार्डला टायर घासतो का, हे स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि स्प्रिंग दबल्यावर बघा.

सगळं बसल्यावर डायल गेज, म्हणजे बारीक डगमग मोजणारं काट्याचं माप. हबचं बेअरिंग नीट अॅडजस्ट करून डिस्कच्या कडेपाशी गेज लावा आणि हातानं फिरवा. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत हलला तर उत्तम, ०.१ च्या वर गेला तर डिस्क परत काढा. हबच्या तोंडावर गंज किंवा रंगाचा कपचा असतो, बहुतेक वेळा तेच कारण निघतं. कॅलिपर डिस्कला समांतर आहे का, पॅडचा पूर्ण चेहरा डिस्कवर बसतोय का, तेही याच वेळी बघून घ्या.

पाइप, आणि एअर

धातूचे पाइप बंडी पाइपचेच (ब्रेकसाठीच्या दुपदरी पोलादी नळीचेच) करा, टोकाला दुहेरी फ्लेअर, म्हणजे दुमडून रुंद केलेलं तोंड. फ्रिज-एसीवाल्याकडची तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून काही जण वापरतात. ती थरथरीनं कडक होते आणि एक दिवस तडकते. कॅलिपरला जाणारी रबरी होज लांबीनं बरोबर हवी. चाक दोन्हीकडे पूर्ण वळवा, गाडी उचलून चाक लोंबकळू द्या, कुठंही होज ताणली जाऊ नये आणि टायरला लागू नये.

मागच्या सर्किटात प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावा, हातानं फिरवून कमीजास्त करता येणारा. पुढे डिस्क आणि दाब वाढवलेला मास्टर आला की मागच्या ड्रमलाही तो वाढीव दाब मिळतो आणि ड्रम स्वतः भर घालणारा असतो हे वर आलंच. परिणामी ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडीची पाठ पुढे यायला बघते. व्हॉल्व्हनं मागचा दाब कमी करत न्या, पुढची चाकं आधी लॉक होईपर्यंत.

पुशरॉडला मोकळीक ठेवायला विसरू नका. पाय नसताना पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात एक-दीड मिलिमीटरचं अंतर हवं. ते नसेल तर मास्टरमधलं परतीचं छिद्र झाकलेलं राहतं, ऑइल तापून फुगलं की जायला जागा नाही, आणि पाच-दहा किलोमीटर गेल्यावर ब्रेक आपोआप आवळायला लागतो. नवीन डिस्क जाम झाल्यावर लोक कॅलिपरला शिव्या देतात, पण बऱ्याचदा दोष पुशरॉडची लांबी ठरवणाऱ्या एका नटाचा असतो.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ४ घ्या, त्याचा उत्कलनबिंदू ताजेपणी २३० अंश सेल्सिअसच्या खाली नसतो, डॉट ३ चा २०५. सिलिकॉनचं डॉट ५ यांच्यात मिसळू नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उकलतो.

एअर, म्हणजे पाइपांत अडकलेली हवा, काढताना टँडम मास्टर आधी बाकावर व्हाइसमध्ये धरून भरा आणि मगच गाडीला लावा. मग सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. घरचं कुणीतरी पेडलवर बसवा. ‘दाब… धर’ म्हणताच चाकापाशी असलेलं हवा काढायचं निप्पल सोडायचं, बंद केल्यावरच ‘सोड’ म्हणायचं. बाटलीत बुडबुडे येईनासे होईपर्यंत हेच. टाकीतलं ऑइल संपू देऊ नका आणि बाहेर काढलेलं परत ओतू नका. कितीही एअर काढली तरी पेडल स्पंजसारखं राहत असेल तर कॅलिपरकडे बघा. ब्लीडर निप्पल वरच्या बाजूला आहे का? डावा कॅलिपर उजवीकडे लागला की निप्पल खाली येतं आणि हवेचा बुडबुडा वर अडकून बसतो. तासन्‌तास एअर काढूनही तो निघत नाही.

रस्त्यावर

आधी उभ्या गाडीत पेडल पूर्ण जोरानं मिनिटभर दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळतंय किंवा मास्टरचं रबर गेलंय. मग गल्लीत चालण्याच्या वेगानं. त्यानंतर शेंडा पार्कसारख्या रिकाम्या, सपाट रस्त्यावर पहाटे पॅड डिस्कवर घासून बसवून घ्या: ताशी ५० वरून १० पर्यंत, मध्यम जोरानं, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मध्ये थोडं मोकळं चालवून. गरम पॅडवर पाय दाबून गाडी उभी करू नका, डिस्कवर डाग पडतो आणि पुढे ब्रेकला थरथर येते. परत आल्यावर डिस्कवर पाणी मारायची हौस नको.

मागची चाकं लॉक होतात का, हे तपासायला जागा अशीच रिकामी हवी आणि शेजारी चालवता येणारा दुसरा माणूस असावा. पन्हाळ्याचा उतार हा नंतरचा पेपर. तोही खालच्या गिअरवर, डिस्क आहे म्हणून न्यूट्रलमध्ये नव्हे.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं मूळ दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. काम सुरू करण्याआधी कोल्हापूरच्या आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणात गाडीची तपासणी होतेच, तेव्हा सुबक ब्रॅकेट आणि बिलं हाताशी असलेली बरी. गाडी पन्नास वर्षांच्या पुढची असेल आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल तर गाडी मूळ रूपात राखलेली असावी ही अट आहे, ती आधी नीट वाचा. आणि गाडी खरोखर दुर्मिळ असेल तर हात लावू नका. दसऱ्याला दसरा चौकात येणाऱ्या छत्रपतींच्या मेबॅकला डिस्क बसवावी असं कुणाच्या मनातही येत नाही, ते बरोबरच आहे.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे आणि कॅलिपरचे बोल्ट टॉर्क पान्ह्यानं पुन्हा तपासा, दोन्ही बाजूंचे पॅड सारखे झिजलेत का बघा. एकाच बाजूचा आतला पॅड जास्त झिजला असेल तर स्लायडर पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) अडकतेय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून आपल्या पावसात ते दोन वर्षं वाट न बघता दर उन्हाळ्याच्या शेवटी बदला. आणि पंचगंगेचं पाणी कधी हबपर्यंत आलंच, तर गाडी बाहेर काढण्याआधी पुढच्या बेअरिंगचं ग्रीस, स्लायडर पिन आणि मागचे ड्रम हे तिन्ही उघडून साफ करून घ्या.